ओला माल

तेलरंगात रोज एक चित्र काढायचं म्हणजे मुळातच उरफाटा कारभार. दिवस संध्याकाळी संपतो, रंग संपत नाही. जलरंग बघता बघता वाळतो, ॲक्रिलिकला चहा होईतोवरचा वेळ पुरतो. जवसाचं तेल मात्र पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढत बसतं आणि आपल्या मर्जीने, आपल्या वेळेने घट्ट होतं. वरून बोट टेकवण्याजोगं व्हायला काही दिवस, रंग जाड असेल तर आठवडे, आणि आतून पुरतं वाळायला कित्येक महिने. त्यामुळे माझ्या माडीवर सोमवारचं चित्र शुक्रवारीही ओलंच असतं. त्याच्या शेजारी मंगळवारचं, पलीकडे बुधवारचं. भिंतीला ठोकलेल्या पट्ट्यांवर अख्खा आठवडा ओला उभा असतो आणि त्याच्यापुढून जाताना सदऱ्याची बाही सांभाळावी लागते.

मी ड्रॉइंगचा मास्तर. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवणं, त्यांच्याकडून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटून घेणं, गॅदरिंगचे पडदे रंगवणं यात नोकरी झाली. सातारा जिल्ह्यातल्या लोणंदमध्ये मला अजून सगळे ‘गुरुजी’ म्हणतात. रोजचं तेलचित्र मात्र नोकरीतून मोकळा झाल्यावर धरलं. सुताराकडून हार्डबोर्डचे तुकडे आणायचे, सहा बाय आठ इंचांचे. त्यांना प्रायमरचे दोन हात, मग पॉलिश पेपर मारायचा. सकाळी उजेड धरला की दोन-अडीच तासांत जे काय होईल ते. दुपारनंतर त्याला हात लावायचा नाही, एवढाच नेम.

नेम सोपा वाटतो. तेलरंगात तो अवघड असतो. जुनी रीत निराळी. आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरने छायाप्रकाश बसवायचा, तो वाळू द्यायचा, मग रंग, मग तोही वाळू द्यायचा, आणि शेवटी तेलात कालवलेला पारदर्शक रंग काचेसारखा वरून फिरवायचा. खालचा थर रुक्ष, वरचा तेलकट. उलटं केलं तर वरचा आधी आवळतो आणि पुढे तडे जातात. एका सकाळीत यातलं काहीच बसत नाही. ओल्यावर ओलं लावावं लागतं, आणि ओल्यावर ओलं लावताना दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की रंग मळतो. म्हणजे लावायच्या आधी ठरवावं लागतं आणि लावल्यावर हात मागे घ्यावा लागतो. मुलांना मी जन्मभर ‘खोडरबर कमी वापरा’ म्हणत आलो; तेलरंगात खोडरबर असतं, पॅलेट नाइफने सगळं खरवडून काढता येतं, पण खरवडलं की सकाळ गेली.

रोजच्या चित्राचं हे वेड जगात इतरांनाही आहे. ओन कावारा नावाचा जपानी चित्रकार १९६६ सालापासून त्या-त्या दिवसाची तारीख रंगवत राहिला. एकरंगी कॅनव्हास, त्यावर पांढऱ्या अक्षरांत तारीख. मध्यरात्रीच्या आत पुरं झालं नाही तर चित्र नष्ट करायचं. किती कडक नेम, असं वाटतं. मग कळतं की तो ॲक्रिलिक वापरायचा. तारखेबरोबर वाळणारा रंग निवडला की तारखेशी प्रामाणिक राहता येतं. अमेरिकेतल्या रिचमंडच्या ड्वेन कायझरने डिसेंबर २००४ मध्ये रोज पोस्टकार्डाएवढं एक चित्र काढायला घेतलं, तेही तेलरंगात. अर्धं सोललेलं फळ, कप, अंडं. त्याच्यामागून पुष्कळ जणांनी तो नाद धरला. आणि आपल्याकडचे वासुदेव गायतोंडे याच्या बरोब्बर उलट: रोलर आणि नाइफने तेलरंगच चढवणारे, उतरवणारे, पण वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास. बाकीचा वेळ ते नुसते बसत असत म्हणतात. नुसतं बसणं हाही रोजचा सरावच. पण तो आमच्यासारख्यांना झेपायचा नाही. मास्तरच्या हाताला चाळा लागतो.

काढायचं काय, हा प्रश्न लोणंदमध्ये पडत नाही. कांदा. बाजार समितीच्या आवारात हंगामात ढीगच्या ढीग लागतात, गोणींची थप्पी, काट्यापाशी मापाडी, अडत्यांचे मुनीम वह्या काखेत मारून फिरताहेत, आणि हवेत तो वास. पावसाळ्यात लावलेला हळवा कांदा लवकर निघतो, गडद लाल, अंगात पाणी धरून असलेला. उन्हाळ्याच्या तोंडाला निघणारा गरवा. त्याचा रंग नीट पाहिला तर लाल नसतोच. तांब्याच्या भांड्याला चिंच लावण्याआधी जी मळकट गुलाबी झाक असते, ती. ट्यूबमध्ये हा रंग कुठल्याच कंपनीचा येत नाही. बर्न्ट सिएना घ्यायचा, त्यात अलिझरिनचं बोट, पिवडीचा कण, पांढरा भरपूर. आणि सावलीकडे अल्ट्रामरीन इतका कमी की घातला की नाही अशी शंका राहावी. तरी तो कांदा होत नाही, विटेचा तुकडा होतो. कारण गरव्याची वरची पत्ती खरं तर अर्धी पारदर्शक असते. तिच्यातून आतली दुसरी पत्ती दिसते, आणि दोहोंच्या मधे जिथे हवा शिरलेली असते तिथे रंग एकदम फिका, राखाडी होतो. शिरा देठापासून मुळापर्यंत उभ्या जातात आणि पोटावर एकमेकींपासून लांब पांगतात. त्या काढायच्या नसतात. ब्रशचा केस एकदा त्या दिशेने ओढायचा, बस.

कांद्याचे पापुद्रे सोलत सोलत माणूस शून्याला पोचतो वगैरे तत्त्वज्ञान इथे सांगण्याचा मोह कुणालाही होईल. मी लोणंदकर आहे. आमच्याकडे कांदा सोलून कुणाला शून्य सापडलेलं नाही. सापडलं तर ते अडत्याच्या हिशेबपट्टीवर सापडतं, भाव पडल्यावर.

एकदा आवाराच्या कडेला पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. पलीकडे बायका माल निवडत होत्या. मोठा एकीकडे, गोल्टी एकीकडे, सडका आणि डेंगळा फेकायला. त्यांच्या ढिगातून एक कांदा मागून घेतला आणि पुढ्यात ठेवून रंगवत होतो. काम आटोपून त्यातल्या एक मावशी पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. चित्र बघायला येणारा माणूस साधारण ‘लई भारी’ म्हणतो आणि जातो. मावशींनी बराच वेळ पाहिलं, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, “गुरुजी, ह्यो ठिवू नगा. ह्यो टिकायचा न्हाय.”

मी म्हटलं, “का हो मावशी?”

“मान जाड हाय की ह्याची.”

खाली कांदा होता, पण त्या बोलत होत्या चित्राकडे बोट करून. बोट रंगाच्या इतकं जवळ होतं की मी दचकलो. मान जाड असलेला कांदा साठवणीत टिकत नाही. मान नीट आवळून मिटली नाही की तिथून कुज आत शिरते, हे मला नंतर त्यांनीच समजावून सांगितलं. मला कांद्यातलं एवढं ठाऊक नव्हतं. मी नुसती पाहिली तेवढी मान काढली होती. जे मला माहीत नव्हतं ते माझ्या ब्रशने नोंदवलं आणि जिला वाचता येत होतं तिने वाचलं. आजवर माझ्या चित्राची याहून नेमकी समीक्षा झालेली नाही. प्रदर्शनाच्या वहीत लोक ‘रंगसंगती उत्तम’ लिहितात.

बाजाराच्या आवारात बसून तेलरंग करायचे तर आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. वारा सुटला की कांद्याचा पाचोळा उडतो. पापुद्रे, माती, गोणीचे सुतळीधागे. सगळं येऊन ओल्या रंगावर बसतं. सुरुवातीला चिमट्याने काढायचो. काढताना रंगाला खड्डा पडतो आणि तो बुजवताना भोवतालचं बिघडतं. आता ठेवतो. माझ्या एका चित्रात कांद्याच्या गालावर खऱ्या कांद्याचा नखाएवढा पापुद्रा चिकटलेला आहे आणि लांबून तोच चकाकीचा ठिपका वाटतो. व्हॅन गॉगने १८८९ साली रंगवलेलं ऑलिव्हच्या झाडांचं एक चित्र अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात आहे. तिथल्या तज्ज्ञांना २०१७ मध्ये त्याच्या रंगात नाकतोड्याचे अवशेष सापडले. शंभराहून अधिक वर्षं तो तिथे होता. त्यांनी तपासलं, रंगात पाय झाडल्याच्या काही खुणा आहेत का, नव्हत्या. म्हणजे चिकटला तेव्हा तो मेलेलाच होता, वाऱ्याबरोबर आलेला. उघड्यावर बसून ओल्या रंगात काम करणाऱ्या माणसाच्या चित्रात ती जागा येतेच, फक्त सही नसते तिची.

या भागात तेलरंगाची ओळख कुठून करून घ्यावी असं कुणी विचारलं तर मी औंध सांगतो. सालप्याचा घाट चढून वाठार, कोरेगाव, रहिमतपूर करत जायचं. यमाईच्या डोंगरावर, चढणीच्या मधोमध श्री भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं. औंधचे राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते उभं केलं. राजा रविवर्मा, धुरंधर यांची तेलचित्रं तिथे आहेत. हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे, ते बघून मुलं बुचकळ्यात पडतात. मुलांना मी सांगायचो, चित्रासमोर उभे राहू नका, बाजूला जाऊन गाल भिंतीला लागेल असं बघा. तिरक्या उजेडात चित्राचा विषय नाहीसा होतो आणि रंग दिसतो: कुठे दागिन्यावर ठिपका जाड बसवलाय, कुठे कापडाच्या सावलीत रंग इतका पातळ आहे की कॅनव्हासची वीण वर आलीय. ज्यांना भिंतीला चुना थापल्यासारखे तेलरंग लावायची सवय होती, त्यांना ते बघून एका दिवसात जे कळलं ते मी वर्षभर सांगून कळलं नव्हतं.

पण मला औंधचं आकर्षण दुसरंच आहे. हे बाळासाहेब स्वतः चित्रं काढत. त्यांचं ‘चित्ररामायण’ १९१६ सालचं. कीर्तनं करत. आणि रोज सूर्यनमस्कार घालत. नुसते घालत नसत, संस्थानातल्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली, आज जगभर जे सूर्यनमस्कार घातले जातात त्यांच्या प्रसारात या छोट्या संस्थानाचा मोठा वाटा आहे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे जे.जे.मध्ये शिकलेले चित्रकार, लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता. ते औंधला आले आणि त्यांनी वेदांच्या कामाला वाहून घेतलं. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे मोठे चित्रकार आणि राज्याचे कला संचालक झाले. या माणसांच्या घरात व्यायाम, पठण आणि चित्र यांच्यात भिंत नसावी, असं मला उगाच वाटतं. नमस्काराचं एक बरं असतं, घातला की झाला. दुसऱ्या दिवशी त्याचं काही उरत नाही, फार तर दंड दुखतो. चित्राचं तसं नाही. रोज काढलं की रोज साठतं.

साठलेल्याचं करायचं काय, हा घरातला खरा प्रश्न. बायको म्हणते, “अहो, चार कांदे विकत आणले तर आठ दिवसांत संपतात. हे कधी संपायचे?” तिचं खोटं नाही. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचं आठवतं मला अशा वेळी. शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा चित्रकार कोटीतीर्थाच्या परिसरात तळं, झाडं, उजेड यांच्या मागे आयुष्यभर लागला होता. १९२२ मध्ये महाराज गेले आणि आबालालांनी आपली पुष्कळ चित्रं पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात अजून सांगतात. आबालालांएवढं दुःखही माझ्याकडे नाही आणि चित्रंही. मी पुरती वाळलेली, मनातून उतरलेली चित्रं पॉलिश पेपरने घासतो आणि त्यांच्यावरच नवीन काढतो. जुन्या कांद्याचा उंचवटा नव्याच्या खाली राहतो. वाकडा उजेड पडला की दिसतो. बायकोने ही तोड मान्य केली आहे. टर्पेंटाइनचा वास तिला मान्य नाही. आणि तेलाची फडकी मी घरात साठू देत नाही, हे तिला अजून पटलेलं नाही, तिला ती फक्त माझी टापटीप वाटते. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर वाळता वाळता आपोआप तापतं आणि पेटूही शकतं. म्हणून ती पसरून वाळवायची, नाहीतर पाण्याच्या डब्यात झाकून ठेवायची. असला शांत दिसणारा पदार्थ आहे तो.

आषाढात पालखी येते तेव्हा नेम पाळणं कठीण. नीरेच्या पाण्यात माउलींच्या पादुकांना स्नान घालून सोहळा सातारा जिल्ह्यात शिरतो आणि मुक्कामाला लोणंदमध्ये. गाव आपलं राहत नाही. ओट्यावर, पत्र्याखाली, शाळेच्या वर्गांत, जिथे पाठ टेकेल तिथे माणसं. रोज चालणाऱ्या त्या माणसांशी माझ्या रोजच्या चित्राची तुलना मी करणार नाही. लोणंदात राहून ती फार स्वस्त पडते. मी आपला गच्चीवर जाऊन तळावरच्या तंबूंचं चित्र काढतो. पांढरे तंबू ढगाळ उजेडात पांढरे नसतातच. त्यांच्या पाठी निळसर राखी, आणि जिथे आत बल्ब लागलेला असतो तिथे कापडातून पिवळं झिरपतं. मधे दोऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, हिरवी, अबोली. ती एकेका फटकाऱ्यात घ्यायची, कारण वारा ती हलवतो आणि बाई ती काढूनही नेते. ट्यूबमधला पांढरा इथे सपाट्याने संपतो.

पालखी हलते. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, मग तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते. तळ मोकळा होतो, पत्रावळी आणि चिखल उरतो. तंबूंचं चित्र मात्र पट्टीवर उभं असतं. पावसाळी हवा, त्यात टायटॅनियमचा पांढरा मुळातच सुस्त. पेपरात एकादशीच्या महापूजेचे फोटो येतात त्या दिवशी मी सवयीने कडेला करंगळी टेकवून बघतो तर पांढरं बोटाला लागतं. तंबू पंढरपुरात पोचून उभारले गेले, इथले अजून ओले आहेत. अंबर, सिएना हे मातीचे रंग लवकर धरतात. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते वाळण्याला घाई करतं. त्यामुळे चित्रातला चिखल आधी वाळतो, तंबू मागून. आणि कधी पावसाची झड लागली तर मागच्या बाजूने हार्डबोर्डला बुरशीचे पांढरे ठिपके येतात, ते कडक उन्हाची वाट बघत बसतात.

गरवा काढल्यावर शेतकरी तो लगेच साठवणीच्या ऐरणीत भरत नाही. पातीसकट वाफ्यात पसरून ठेवतो, एकाचा कांदा दुसऱ्याच्या पातीखाली झाकून, की ऊन थेट लागू नये. मग मान राखून पात कापायची, पुन्हा सावलीत पसरायचा. असा सुकवलेला कांदा पावसाळाभर टिकतो, घाईने भरलेला सडतो. मी चित्रांच्या बाबतीत हेच करतो, वॉर्निशची घाई करत नाही. सहा महिने, जाड रंगाला त्याहून जास्त. पण गिऱ्हाइकाला हे पटवणं कांद्याच्या बाबतीत सोपं आहे.

परवाच एक ओळखीचे अडते माडीवर आले. गाळ्यात गादीच्या मागे लावायला चित्र हवं होतं, कांद्याचंच. पट्टीवरच्या ओल्या रांगेतलं एक त्यांनी नेमकं हेरलं, दोन कांदे आणि एक फुटकी गोल्टी असं. उचलायला हात पुढे केला.

“शेठ, हात नका लावू. ओलं आहे.”

“कधीचं?”

“झाले आठ दिवस.”

“आठ दिवस ओला माल?” त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. “मग मिळणार कधी?”

“ऊन पडलं तर पंधरा दिवसांत नेता येईल. झड लागली तर सांगता येत नाही.”

त्यांनी क्षणभर हिशेब केला. धंद्याचा माणूस. “असं करू गुरुजी, भाव आज तोडू. माल वाळल्यावर उचलतो. मात्र वाळून घट आली तर ती तुमच्या अंगावर.”

मी म्हटलं, “शेठ, या तेलाला घट येत नाही. वाळताना ते हवा ओढून घेतं. वाळलं की वजन वाढतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, चष्मा पुन्हा नाकावर आणला.

“वाढतं म्हणताय? मग काटा आजच करा.”